डॉक्टर, सिस्टर आणि टेक्निशियन एकत्र शिकतात, तेव्हा त्यांचे टीमवर्क तपासायचे कसे?

मी दक्षिण कोकणातल्या एका नर्सिंग महाविद्यालयात शिकवते. काही वर्षांपूर्वी एमबीबीएस, नर्सिंग, फिजिओथेरपी आणि लॅब टेक्निशियन अशा चार अभ्यासक्रमांच्या विद्यार्थ्यांना एका सभागृहात बसवून टीमवर्कची कार्यशाळा घ्यायचे ठरले आणि मूल्यमापनाचे काम माझ्याकडे आले. सूचना एवढीच होती, की एक प्री-टेस्ट घ्या आणि एक पोस्ट-टेस्ट घ्या. मी इंटरनेटवरून एक प्रश्नावली उतरवून घेतली, झेरॉक्स काढल्या आणि वाटल्या. शेवटच्या बाकावरच्या, माझ्याच वर्गातल्या एका मुलीने हळूच विचारले, "मॅडम, खरं लिहायचं का?" मी हसून "हो" म्हटले आणि पुढे गेले.

कार्यशाळेआधी जवळजवळ सगळ्यांनी 'सहमत' किंवा 'पूर्णतः सहमत' यावर खुणा केल्या, कार्यशाळेनंतरही त्यांनी तेच केले. टीममध्ये प्रत्येकाने मोकळेपणाने बोलले पाहिजे, हे सर्वांनाच मान्य होते. त्यानंतरच्या आठवड्यात मेडिसिनच्या वॉर्डात राउंड चालू असताना तीच मुलगी लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या आजाराचा) संशय असलेल्या एका रुग्णाच्या खाटेशी उभी होती. रुग्णाला सकाळपासून जेमतेम लघवी झाली आहे, हे तिच्या हातातल्या तक्त्यावर तिनेच लिहिले होते. इंटर्न केस पेपर वाचत होता, सर पुढच्या खाटेकडे वळले आणि ती काहीच बोलली नाही. तक्ता मी पुढे केला, तेव्हा सर परत फिरले.

त्या दिवशी माझ्या लक्षात आले, की मी मोजले होते एक आणि मला कळायला हवे होते दुसरेच. पुढे लिहिलेल्या पायऱ्या त्यानंतर आम्ही चुकत-माकत बसवल्या आहेत. ज्यांच्यावर हे काम पहिल्यांदाच पडले आहे, त्यांच्यासाठी त्या येथे देत आहे.

१. नेमके काय तपासायचे आहे, ते आधी लिहून काढा

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१० सालच्या आराखड्यानुसार, दोन किंवा अधिक आरोग्यव्यवसायांचे विद्यार्थी एकमेकांविषयी, एकमेकांकडून आणि एकमेकांबरोबर शिकतात, तेव्हा त्याला आंतरव्यावसायिक शिक्षण म्हणतात. चार वर्गांनी एकाच सभागृहात बसून एकच व्याख्यान ऐकणे या व्याख्येत बसत नाही. तुमचा कार्यक्रम तेवढाच असेल, तर मूल्यमापनाचा विचार करण्याआधी तो कार्यक्रमच बदलावा लागेल.

त्यानंतर वृत्ती आणि कौशल्य वेगळे करा. इतर व्यवसायांच्या लोकांबद्दल विद्यार्थ्याला काय वाटते, त्यांच्याबरोबर शिकण्याची त्याची तयारी किती आहे, ही वृत्ती झाली. तोंडी सूचना मिळाल्यावर ती परत म्हणून खात्री करणे, रुग्णाची माहिती क्रमाने सांगणे, काही चुकत असेल तर वेळेवर बोलणे, ही कौशल्ये झाली. जॉर्ज मिलर यांनी १९९० साली मांडलेल्या पिरॅमिडमध्ये चार पायऱ्या आहेत: माहीत असणे, कसे करायचे ते माहीत असणे, करून दाखवणे आणि प्रत्यक्ष कामात करणे. लेखी परीक्षा खालच्या दोन पायऱ्यांपर्यंत पोहोचते. करून दाखवणे पाहायचे असेल तर प्रसंग रचावा लागतो आणि प्रत्यक्ष कामातले पाहायचे असेल तर वॉर्डातच जावे लागते. प्रश्नावलीतून वृत्ती कळते, तीसुद्धा विद्यार्थी जेवढी उघड करील तेवढीच. प्रश्नावलीच्या आकड्यांवरून 'विद्यार्थ्यांचे टीमवर्क सुधारले' असे अहवालात लिहू नका. मी तसे एकदा लिहिले आहे आणि ते पान आता वाचवत नाही.

काय तपासायचे याची यादी स्वतःच्या डोक्यातून काढण्याची गरज नाही. अमेरिकेतील आयपेक (इंटरप्रोफेशनल एज्युकेशन कोलॅबोरेटिव्ह) या संस्थेने २०११ साली चार क्षेत्रे ठरवली: मूल्ये आणि नीती, भूमिका आणि जबाबदाऱ्या, संवाद, आणि संघकार्य. २०१६ आणि २०२३ साली त्यांत सुधारणा झाल्या आहेत. आपल्याकडे अधिष्ठात्यांना किंवा विभागप्रमुखांना पटवायचे असेल, तर एक आधार घरचाच आहे. २०१९च्या तुकडीपासून लागू झालेल्या क्षमताधिष्ठित वैद्यकीय अभ्यासक्रमात भारतीय वैद्यकीय पदवीधराच्या पाच भूमिका दिल्या आहेत आणि त्यांतली एक 'आरोग्यसेवेच्या टीमचा नेता आणि सदस्य' अशी आहे. "हे अभ्यासक्रमाबाहेरचे आहे" असे कोणी म्हणाले, तर शांतपणे ते पान उघडून पुढे ठेवावे.

चारही क्षेत्रे एकदम तपासण्याचा मोह टाळा. पहिल्या वर्षी जास्तीत जास्त तीन वर्तने निवडा, आणि ती अशा शब्दांत लिहा की कोपऱ्यात उभ्या असलेल्या माणसाला ती डोळ्यांनी दिसतील किंवा कानांनी ऐकू येतील. 'परस्परांविषयी आदर' कोपऱ्यातून दिसत नाही, 'दुसऱ्याचे बोलणे पूर्ण होऊ दिले' हे मात्र दिसते.

२. परवानग्या, कागद आणि तारखा

हे काम कंटाळवाणे आहे, पण येथे झालेली चूक पुढे दुरुस्त करता येत नाही. आमच्या फाइलमध्ये आता पुढील कागद असतात:

• चारही विभागप्रमुखांच्या सहीचे वेळापत्रक. तोंडी होकारावर विसंबू नका.
• संस्थात्मक नीतिमत्ता समितीची मंजुरी. निष्कर्ष कोठेही प्रसिद्ध करण्याचा किंवा परिषदेत मांडण्याचा विचार असेल, तर ती काम सुरू होण्याआधीच घ्यावी लागते, मागाहून मिळत नाही.
• विद्यार्थ्यांसाठी माहितीपत्रक आणि संमतीपत्र, मराठीत आणि इंग्रजीत.
• चित्रीकरण करणार असाल तर त्याची वेगळी संमती, आणि चित्रफीत कोण पाहणार व कधी पुसली जाणार, याची लेखी नोंद.
• प्रश्नावली आणि निरीक्षणपत्रक वापरण्यासाठी त्यांच्या मूळ कर्त्यांची परवानगी. बहुधा एका ई-मेलवर काम होते, परंतु तो ई-मेल छापून फाइलला लावावा.
• प्रसंगाची संहिता, साहित्याची यादी, निरीक्षणपत्रके आणि कोऱ्या प्रश्नावल्या.

संमती कोणी घ्यायची, हा यातला सर्वांत नाजूक भाग आहे. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार विद्यार्थ्यांसारख्या, अधिकाराच्या उतरंडीत खाली असलेल्या सहभागींची विशेष काळजी घेणे अपेक्षित आहे. जिच्या हातात इंटर्नल मार्क आहेत, त्या मॅडमनी संमतीपत्र पुढे केले तर कोणती मुलगी नाही म्हणेल? आम्ही हे काम चारही अभ्यासक्रमांना न शिकवणाऱ्या एका सहकाऱ्याकडे दिले आहे, आणि प्रश्नावल्या गोळा करण्याचे कामही तेच करतात. "खरं लिहायचं का?" हा प्रश्न त्यानंतर कोणी विचारलेला नाही.

तारखांबाबत एवढेच सांगते, की कोकणात गणपतीच्या आधीचा आठवडा आणि नंतरचा आठवडा कागदावर असतो, प्रत्यक्षात नसतो. शिमग्याचेही तसेच. शिवाय पावसाळ्यात वीज गेली की गूगल फॉर्म अर्ध्यावर राहतो, म्हणून कागदी प्रती नेहमी तयार ठेवाव्यात.

३. वृत्तीसाठी प्रश्नावली: निवड, भाषांतर आणि सापळे

उपलब्ध प्रश्नावल्यांपैकी सर्वांत जास्त वापरली गेलेली बहुधा आरआयपीएलएस ही आहे. ती १९९९ साली आली, तिच्यात १९ विधाने आहेत आणि आंतरव्यावसायिक शिक्षणासाठी विद्यार्थी कितपत तयार आहे, हे ती विचारते. अमेरिकेत २००६ साली सुरू झालेल्या टीमस्टेप्स या टीमवर्क-प्रशिक्षणाच्या कार्यक्रमाची एक वृत्तिमापक प्रश्नावली आहे. तिच्यात ३० विधाने पाच गटांत आहेत: टीमची रचना, नेतृत्व, परिस्थितीवर लक्ष, परस्पर साहाय्य आणि संवाद. कॅनडात तयार झालेली आयसीसीएएस ही २० विधानांची असून तिची पद्धत वेगळी आहे, तिच्याकडे पुढे येते.

पहिला सापळा म्हणजे छताला डोके लागणे. आरआयपीएलएससारख्या प्रश्नावलीत विद्यार्थी सुरुवातीलाच इतके गुण देतात, की कार्यशाळेनंतर वर जायला जागाच उरत नाही. कार्यक्रम कितीही चांगला असला तरी आकडा हलत नाही. याच कारणासाठी, आणि तिच्या काही उपगटांची विश्वासार्हता कमी भरल्यामुळे, या प्रश्नावलीवर अभ्यासकांनी बरीच टीका केली आहे. मी ती आता फक्त गटागटांतला फरक पाहण्यासाठी वापरते, आधी-नंतरच्या तुलनेसाठी वापरत नाही.

दुसरा सापळा याच्या उलट आहे. कार्यशाळेआधी विद्यार्थ्याला टीमवर्क म्हणजे काय हेच नीट ठाऊक नसते, म्हणून तो स्वतःला भरघोस गुण देतो. दिवसभरात आपण किती कच्चे आहोत हे कळल्यावर तो प्रामाणिकपणे कमी गुण देतो, आणि कागदावर असे दिसते की आपल्या कार्यक्रमाने मुले बिघडली. आयसीसीएएसमध्ये म्हणून दोन्ही उत्तरे एकाच बैठकीत, कार्यक्रम संपल्यावर घेतात: 'आधी मी कसा होतो' आणि 'आता कसा आहे'. मोजपट्टी त्यामुळे एकच राहते. अर्थात, शिक्षकांना खूश करण्यासाठी 'आधी'चा आकडा मुद्दाम खाली ओढणारेही असतात. यावर उपाय एकच, की या उत्तरांवर गुण अवलंबून नाहीत हे स्पष्ट सांगायचे आणि ते पाळायचे.

भाषांतराला मी दोन दिवस दिले होते, प्रत्यक्षात दोन महिने लागले. रीत अशी, की दोन जणांनी स्वतंत्रपणे मराठी करावे, दोन्ही मसुदे जुळवून एक करावा, मूळ प्रश्नावली न पाहिलेल्या तिसऱ्या व्यक्तीने त्याचे परत इंग्रजी करावे आणि मग पाच-सहा विद्यार्थ्यांना समोर बसवून "हे वाचल्यावर तुमच्या मनात काय आले?" असे एकेका विधानाबद्दल विचारावे. ही शेवटची पायरी कोणीही गाळू नये. आमच्या पहिल्या मसुद्यात 'इतर व्यवसायांतील विद्यार्थी' असे होते. कोकणात व्यवसाय म्हटले की हॉटेल, मच्छी, आंबा-काजू हेच डोळ्यांपुढे येते, त्यामुळे एका मुलाने बाहेर दुकान चालवणाऱ्या विद्यार्थ्यांबद्दल प्रश्न आहे, असे समजून उत्तर दिले होते. आम्ही 'इतर आरोग्यशाखांचे विद्यार्थी' असा बदल केला. लेखाच्या सुरुवातीला मी जो 'आंतरव्यावसायिक' हा शब्द वापरला, तो विद्यार्थ्यांपुढे आम्ही उच्चारत नाही. सगळे त्याच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे घेऊन 'आयपीई' म्हणतात आणि त्यातच भागते.

नकारार्थी विधानांची विशेष काळजी घ्या. 'मला वेळ वाया घालवायचा नाही' याला 'असहमत' म्हणताना मराठी वाचकाचा गोंधळ उडतो, आणि बेरीज करण्याआधी अशा विधानांचे गुण उलटे करायचे असतात, हे आकडे भरणारा हमखास विसरतो.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा उमगली. आरआयपीएलएसमध्ये एक विधान या आशयाचे आहे, की परिचारिका आणि थेरपिस्ट यांचे काम मुख्यतः डॉक्टरांना साहाय्य करण्याचे असते. त्याला 'सहमत' म्हणणे ही प्रतिकूल वृत्ती मानतात. आमच्या नर्सिंगच्या अनेक मुलींनी 'सहमत'वर खूण केली. विचारल्यावर एकीने सांगितले, "असायला नको, पण आहे तसंच ना मॅडम?" तिने वृत्ती सांगितलीच नव्हती, वॉर्डात रोज दिसते ते सांगितले होते. तेव्हापासून प्रश्नावलीच्या डोक्यावर आम्ही ठळक अक्षरांत लिहितो: 'प्रत्यक्षात काय घडते ते लिहू नका, तुमच्या मते काय असावे ते लिहा.'

सांकेतिक क्रमांक विसरू नका. पहिल्या वर्षी गुप्तता राखण्यासाठी आम्ही नावे घेतली नाहीत, आणि नंतर कोणाची आधीची प्रश्नावली कोणाच्या नंतरच्या प्रश्नावलीशी जोडायची, हे कोणालाच सांगता येईना. आता प्रत्येक विद्यार्थी आपला क्रमांक स्वतः तयार करतो: आईच्या नावाचे पहिले अक्षर, आपल्या जन्मतारखेचा दिवस आणि मोबाइल क्रमांकाचे शेवटचे दोन अंक. तो त्याला पुन्हा आठवतो आणि आम्हाला ओळखता येत नाही.

४. कौशल्यासाठी प्रसंग रचा

रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ साली मांडलेली ऑस्की ही स्टेशननिहाय प्रात्यक्षिक परीक्षा आपल्याला परिचित आहे. त्यात एक विद्यार्थी एका स्टेशनवर जातो. येथे पूर्ण टीम एका स्टेशनवर जाते, एवढाच मुख्य फरक. प्रसंग निवडताना कसोटी एकच लावा: प्रत्येक शाखेच्या विद्यार्थ्याजवळ असे काही असले पाहिजे, जे इतरांना ठाऊक नाही आणि ज्यावाचून रुग्णाचे अडते. आम्ही सुरुवातीला विंचूदंश घेतला होता. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्या कामामुळे विंचूदंश आणि प्राझोसिन हे औषध यांची सांगड येथल्या प्रत्येक मेडिकलच्या विद्यार्थ्याला पाठ असते, त्यामुळे त्याने सगळे निर्णय एकट्यानेच घेतले आणि बाकीचे तिघे भिंतीला टेकून उभे राहिले. रोग कोकणातला होता, पण टीमला काम नव्हते.

आमचा आताचा मुख्य प्रसंग फुरसे हा विषारी साप चावल्याचा आहे. भातकापणीच्या दिवसांत संध्याकाळी एक शेतकरी येतो, म्हणतो, "माका पायाक कायतरी चावला, दिसूक नाय." पाय सुजलेला आहे, हिरड्यांतून रक्त येते आहे. टीममध्ये इंटर्न, नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी आणि लॅब टेक्निशियनचा विद्यार्थी असे तिघे असतात. फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्याला येथे ओढूनताणून बसवू नका.

या प्रसंगाचा गाभा रक्त गोठण्याच्या वीस मिनिटांच्या चाचणीत आहे. शिरेतून काढलेले सुमारे २ मिलिलिटर रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घालून २० मिनिटे न हलवता ठेवायचे आणि मग नळी एकदा कलती करून पाहायची. रक्त गोठलेले नसेल, तर विषामुळे रक्त गोठण्याची क्रिया बिघडली आहे, असे समजतात. नळी काचेचीच हवी, कारण काचेच्या स्पर्शाने गोठण्याची क्रिया सुरू होते. प्लास्टिकमध्ये ती तशी होत नाही, आणि डिटर्जंटने धुतलेल्या नळीतही निष्कर्ष चुकू शकतो. आम्ही ट्रेमध्ये मुद्दाम जांभळ्या टोपणाचे ईडीटीए बल्ब (रक्त गोठू न देणारे रसायन असलेल्या नळ्या) वर ठेवतो आणि काचेच्या नळ्या खालच्या कप्प्यात. ईडीटीएमध्ये रक्त गोठणारच नाही, म्हणजे विष नसतानाही चाचणी विष आहे असेच सांगेल.

आता एक टीम जवळून पाहा. इंटर्न म्हणतो, "सिस्टर, ब्लड घ्या, कुठल्याही बल्बमध्ये चालेल." नर्सिंगची विद्यार्थिनी रक्त काढते आणि हात ट्रेकडे जातो. लॅबचा विद्यार्थी बल्बकडे पाहतो, इंटर्नकडे पाहतो, पुन्हा बल्बकडे पाहतो. त्याला ठाऊक आहे. या चार-पाच सेकंदांसाठी बाकीचा सगळा खटाटोप आहे. तो बोलतो का? बोलला तर कोणाशी, आणि किती स्पष्टपणे? पुटपुटला तर विद्यार्थिनी थांबून "काय म्हणालास?" विचारते का? इंटर्न ऐकतो की "आधी घे, मग बघू" म्हणतो? टीमस्टेप्समध्ये अशा वेळी बोलण्याच्या तीन चढत्या पायऱ्या शिकवतात: मला काळजी वाटते, मला हे ठीक वाटत नाही, यात रुग्णाच्या सुरक्षेचा प्रश्न आहे. आमच्या निरीक्षणपत्रकात या तीन पायऱ्यांसाठी तीन चौकोन आहेत आणि 'बोललाच नाही' यासाठी चौथा.

स्टेशन दहा मिनिटांचे असते, त्यामुळे सहाव्या मिनिटाला निरीक्षक "वीस मिनिटे झाली" असे जाहीर करतो आणि तयार नळी हातात देतो. न गोठलेल्या रक्तासाठी आम्ही कोकमाचे आगळ वापरतो. रंग उत्तम जमतो, फक्त वास येतो आणि पहिल्या टीमला हसू आवरत नाही, म्हणून नळीला बूच घालावे. त्यानंतर सर्पविषरोधक औषध सुरू करण्याआधी अ‍ॅड्रिनॅलिन भरून (औषधाची तीव्र रिअॅक्शन आली तर द्यायला) हाताशी ठेवले का, ते कोणी आठवण करून दिले, आणि तोंडी सांगितलेली मात्रा ऐकणाऱ्याने परत म्हणून दाखवली का, हे पाहायचे. शेवटच्या मिनिटात इंटर्नने वरिष्ठांना फोन करायचा असतो. माहिती परिस्थिती, पार्श्वभूमी, अंदाज आणि अपेक्षा या क्रमाने सांगितली का, ते तेथे कळते. एसबार नावाची ही रीत अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांवरून रुग्णालयांत आली आहे.

दुसऱ्या स्टेशनवर शेवाळलेल्या चिऱ्याच्या पायरीवरून घसरून खुब्याचे हाड मोडलेली आजी असते, शस्त्रक्रियेचा दुसरा दिवस. फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्याला तिला उभे करायचे आहे, वेदनाशामक औषध कधी दिले ते फक्त नर्सिंगच्या विद्यार्थिनीला ठाऊक आहे, आणि मुलगा दारातच सांगतो, "तिका चलवू नकात." तिघांनी मुलासमोर एकच गोष्ट सांगितली का, एवढेच तेथे पाहायचे असते.

रुग्णाच्या भूमिकेबद्दल एक अनुभव सांगितला पाहिजे. आम्ही हौसेने एका दशावतारी कलावंताला बोलावले. लिखित संहितेशिवाय रात्रभर संवाद रचणारा तो माणूस, पहिल्या टीमसमोर त्याने जीव ओतून काम केले. दुसऱ्या टीमसमोर त्याने मेव्हण्याशी जमिनीवरून चाललेले भांडण आणले आणि चौथ्या टीमला विष मेव्हण्यानेच घातल्याचा संशय आला. कलावंत उत्तम होता, चूक आमची होती. सर्व टीमना सारखाच रुग्ण मिळायला हवा असेल तर कोणती वाक्ये बोलायचीच, कोणती विचारल्यावरच बोलायची आणि कोणती कधीच नाही, हे लिहून द्यावे लागते आणि आधी एक तालीम घ्यावी लागते.

५. निरीक्षकांची तयारी

टीमच्या निरीक्षणासाठी तयार पत्रक हवे असेल, तर आणीबाणीच्या प्रसंगांसाठी २०१० साली प्रसिद्ध झालेले 'टीम' या नावाचेच एक साधन आहे. त्यात नेतृत्व, संघकार्य आणि कामाचे नियोजन यांवर ११ विधाने आहेत, प्रत्येकाला ० ते ४ गुण, आणि शेवटी एकूण कामगिरीला १ ते १० पैकी एक गुण. फुरशाच्या प्रसंगाला ते चांगले बसते, आजीच्या प्रसंगाला बसत नाही.

पत्रकापेक्षा निरीक्षक महत्त्वाचा. प्रत्येक स्टेशनवर दोन ठेवा आणि ते वेगवेगळ्या शाखांचे असू द्या. सर्जरीचे प्राध्यापक आणि नर्सिंगच्या ट्यूटर यांनी एकच टीम पाहिली, तेव्हा सरांनी 'नेतृत्व उत्तम' लिहिले आणि मॅडमनी 'कोणालाही बोलू दिले नाही' लिहिले. दोघांनी एकाच इंटर्नबद्दल लिहिले होते. म्हणून परीक्षेच्या आधी सर्व निरीक्षकांना एकत्र बसवून दोन-तीन चित्रफिती दाखवाव्यात, प्रत्येकाने आपले गुण आधी कागदावर लिहावेत आणि मगच चर्चा करावी. आधी चर्चा सुरू केली, तर सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीचे गुण सर्वांचे होतात. टीमवर्क तपासणाऱ्यांच्या टीममध्येही लॅबच्या त्या मुलासारखे गप्प बसणारे असतातच.

६. गुण टीमला द्यायचे की विद्यार्थ्याला?

हा वाद दरवर्षी होतो. 'टीम' हे साधन पूर्ण टीमला गुण देते. ते गुण तसेच प्रत्येक विद्यार्थ्याच्या नावापुढे चढवणे अन्यायाचे आहे, कारण ज्याने बल्ब थांबवला त्याला आणि ज्याने ऐकले नाही त्याला सारखेच गुण पडतात. व्यक्तीसाठी वेगळे पत्रक हवे. कॅनडात विकसित झालेल्या आयकार या रुब्रिकमध्ये संवाद, सहकार्य, भूमिका, रुग्णकेंद्री दृष्टी, टीमचे कामकाज आणि मतभेद सोडवणे यांचे वर्णन पातळ्यांनुसार दिलेले आहे. त्यातले एक-दोन भाग निवडून घ्यावेत.

माझे मत असे, की निदान पहिली दोन वर्षे गुण देऊच नयेत, फक्त अभिप्राय द्यावा. एका प्रसंगावरून विद्यार्थ्याबद्दल पक्का निर्णय देता येत नाही. तोच मुलगा दुसऱ्या टीममध्ये, दुसऱ्या इंटर्नसमोर वेगळा वागतो. अंतिम गुण द्यायचेच असतील, तर अनेक प्रसंग, अनेक टीम आणि अनेक निरीक्षक लागतील. तेवढे मनुष्यबळ आपल्याकडच्या महाविद्यालयांत क्वचितच असते.

७. प्रसंगानंतरची चर्चा

स्टेशनला दहा मिनिटे दिली असतील तर चर्चेला वीस द्या. आधी विद्यार्थ्यांनी बोलावे, आणि त्यातही सर्वांत कमी बोललेल्याने पहिल्यांदा. लॅबच्या विद्यार्थ्याला "तू का बोलला नाहीस?" असे विचारले तर तो आरोपी होतो. त्याऐवजी "बल्ब पाहिलास तेव्हा मनात काय आले?" असे विचारून पाहा. एका मुलाचे उत्तर असे होते: "मला वाटलं सरांना माहीत असेल, त्यांनी मुद्दामच घेतला असेल." इंटर्नला "सर" म्हणणारा तो मुलगा त्याच्यापेक्षा वयाने जेमतेम दोन वर्षांनी लहान होता, आणि हे ऐकून इंटर्न जेवढा चपापला, तेवढा माझ्या कोणत्याही व्याख्यानाने चपापला नसता. असे वाक्य आले की ते शब्दशः टिपून ठेवा. वृत्ती प्रश्नावलीपेक्षा येथे जास्त उघड होते.

८. आकड्यांचे काय करायचे

नर्सिंगच्या एका वर्गात साठेक मुली आणि लॅबच्या वर्गात त्याहूनही कमी मुले असतील, तर मोठ्या सांख्यिकी चाचण्यांच्या मागे लागू नका. प्रश्नावलीसाठी क्रोनबाख अल्फा (विधाने एकमेकांशी किती सुसंगत आहेत ते सांगणारा आकडा) काढा, ०.७ च्या आसपास किंवा वर असल्यास काम चालते. दोन निरीक्षकांचे किती जुळले, ते कप्पा (kappa) या सांख्यिकी मापाने तपासा. सरासरीबरोबर शाखानिहाय विभागणी नक्की द्या, कारण सर्वांची मिळून सरासरी काढली की नर्सिंग आणि मेडिकल यांच्यातला फरक त्यात बुडून जातो, आणि खरे तर तोच पाहायचा असतो.

९. तीन महिन्यांनी वॉर्डात जा

विद्यार्थी पोस्टिंगवर असताना ड्यूटी बदलण्याच्या वेळी किंवा १०८ ची रुग्णवाहिका येते त्या वेळी कॅज्युअल्टीत पंधरा मिनिटे उभे राहा. वही उघडी ठेवू नका, नाहीतर सगळेच शहाण्यासारखे वागतात. सुरुवातीला ठरवलेल्या त्याच तीन वर्तनांपैकी कोणते दिसले, एवढेच मागाहून टिपा. वॉर्ड सिस्टरना या कामात आधीपासून सामील करून घ्या. आमच्याकडे त्यांना एका पानाचे पत्रक दिलेले आहे आणि महिन्याच्या शेवटी ते भरून मिळते, बहुधा चहाच्या डागासकट.

तेथून आलेल्या पहिल्या पत्रकांपैकी एकावर सिस्टरांनी चौकोन सोडून कडेला लिहिले होते: 'मुले विचारतात, काचेची नळी कुठे आहे. आपल्या कॅज्युअल्टीत नाही.' ते पान आम्ही स्टोअरच्या मागणीपत्राला जोडले. पुढच्या फेरीच्या साहित्ययादीत कोऱ्या काचेच्या नळ्यांच्या दोन पेट्या आहेत, एक स्टेशनसाठी आणि एक कॅज्युअल्टीसाठी.